पन्हळीखालचा बेगोनिया

शिवकन्या,

चष्मा लाव आणि वाच. दिसत नाही असं सांगू नकोस. मोतीबिंदू निघाला, आणि पुनम फोनवर सांगत होती की टीव्हीवरच्या बाईच्या साडीचे काठसुद्धा तुला दिसतात. मग माझं अक्षरही दिसेल.

आपल्या वाचनालयाचा अंक निघतोय. ‘आपल्या भागातली माणसं’ असा विषय आहे. त्यांना वाटलं, बाई इतिहास शिकवायच्या, एखाद्या जुन्या पुढाऱ्यावर लिहितील. मी तुझं नाव सांगितलं. संपादक म्हणाले, “कोण या?” म्हटलं, “आमच्या गुरवीणबाई.” “काय केलं त्यांनी?” म्हटलं, “फुलं लावली.” “झेंडूची?” “नाही. देवाला न चालणारी.”  मग ते म्हणाले, लिहा, पण थोडक्यात. थोडक्यात मला जमतं. तुला जमत नाही.

हे छापलं जाणार म्हणून तू चिडशील. चीड. वसमतला बसून किती चिडणार? आता जरा बाजूला सरकून बस आणि मधे बोलू नकोस. वाचणाऱ्यांना तू कोण ते पहिल्यापासून सांगायला हवं.

तर, शिवकन्या. जवळा बाजारापासून जीपने थोडं आत गेलं की आमचं गाव लागतं. गावात काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ आहे आणि देवळाला लागून गुरवांची दोन घरं. थोरल्या घरात ही आली ती सेनगावकडच्या गोरेगावातून. तेव्हा परकराची साडी होऊन फार दिवस झाले नसतील. नवरा वैजनाथ. पूजा करायचा आणि लग्नसराईत सनई वाजवायचा. पूजा बरी करायचा, सनई वाईट वाजवायचा. हे मी म्हणत नाही, तीच म्हणते. “त्याची सनई ऐकून नवरी आधीच रडायची,” असं ती अजूनही सांगते आणि खो-खो हसते. वैजनाथ जाऊन खूप वर्षं झाली. मुलगा नाही, एक पुनम, ती वसमतला दिलेली. मुलगा नाही म्हटल्यावर पूजेचा मान धाकट्या दिराकडे, दगडोबाकडे गेला. हिच्याकडे उरलं अंगण झाडणं, समया घासणं आणि फुलं.

हे फुलांचं काम वाटतं तेवढं सोपं नाही. पहाटे उठून देवळामागच्या वाफ्यातली कण्हेर, झेंडू, तगर तोडायची, बेल निवडायचा, हार करायचा. कळी उमलायच्या आत तोडायची, म्हणजे देवाच्या डोक्यावर ताजी राहते. सोळाव्या वर्षापासून तिचं हेच चाललंय. आवाज मोठा, हाडं मोठी, रागही मोठा. कुणी लेकराने वाफ्यातलं एखादं फूल तोडलं तर तिची हाक वेशीपर्यंत जायची. मी शाळेत इतिहास शिकवत असताना मधल्या सुट्टीत पोरं घाबरायची ती मला नव्हे, तिला.

आमची ओळख जुनी, पण मैत्री झाली ती म्हातारपणी, आणि तीसुद्धा एका लग्नात. शितल म्हणून गावातली मुलगी, तिचं लग्न नांदेडला मोठ्या मंगल कार्यालयात होतं. गावातून गाडी केली होती, आम्ही दोघी एकाच बाकावर. तिथे स्टेजच्या पुढे कुंड्यांची रांग लावलेली. मेणचट, गुळगुळीत पानं आणि वर गुलाबी-लाल फुलांचे झुबके. लोक जेवणाच्या रांगेत लागले आणि ही कुंडीसमोर उभी.

“बाई, ह्ये काय हाय?”

“बेगोनिया.”

“वास न्हाई त्येला.”

“नसतो.”

“देवाला चालतं का?”

“मला काय ठाऊक? देठ बघ किती पाणचट, सुई घातली की तुटेल. ओवायचं कसं?”

“मंग न्हाई चालत,” ती म्हणाली, आणि अशी खूश झाली की मला कळेना काय झालं. तिने इकडेतिकडे पाहिलंसुद्धा नाही. दोन-तीन फांद्या कटकन मोडल्या, रुमाल ओला केला, गुंडाळल्या आणि पिशवीत टाकल्या.

गाडीत मी म्हटलं, “ही चोरी झाली.”

“लग्नातलं पान खाल्लं तर चोरी व्हते का? मी जेवले न्हाई बाई. त्या ताटाच्या बदल्यात घेतलं.”

आणि मग वसमतच्या अलीकडे कुठेतरी, सगळे पेंगत असताना, तिने मला ते सांगितलं. म्हणाली, “इतकी वर्सं फुलं तोडून राहिले. पर झाडावर फूल सुकलेलं मी पाह्यलंच न्हाई. कळी पाह्यली, देवाच्या अंगावरचं फूल पाह्यलं, सकाळी निर्माल्य पाह्यलं. मधलं काय व्हतं, फूल फुलून म्हातारं कसं व्हतं, ते न्हाई दिसलं कधी. आता एक फूल असं लावते का ज्याला कोणी तोडाया सांगनार न्हाई.”

मी नेहमीसारखं काहीतरी फटकन बोलणार होते. त्याऐवजी तिची पिशवी माझ्या मांडीवर घेतली.

फांद्यांना पाण्यात मुळं फुटली. एका फांदीच्या चार, चाराच्या आणखी. आता प्रश्न जागेचा. आमच्याकडचा उन्हाळा ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. चैत्रात पत्र्यावर हात ठेववत नाही, आणि बेगोनिया हे थंड, ओलसर सावलीचं बाळ. उन्हात ठेवलं की पानांच्या कडा करपतात, डबक्यात ठेवलं की बुडातून कुजतं. तुळशीजवळ लावलेली दोन रोपं गेली. माझ्या ओसरीत ठेवलेलं एक गेलं. माझे यजमान राधाकृष्ण म्हणाले, “हे झाड आहे की जावई?”

मग तिला जागा सापडली. महादेवाच्या देवळात पिंडीवरचं पाणी उत्तरेच्या भिंतीतून दगडी पन्हळीने बाहेर पडतं. पन्हळ ओलांडायची नाही, म्हणून महादेवाला पूर्ण प्रदक्षिणा नाही. लोक तिथपर्यंत येतात आणि मागे फिरतात. त्यामुळे त्या बाजूला कुणाचा पाय पडत नाही. जाड दगडी भिंतीची दुपारभर सावली, पश्चिमेला कडुनिंब, सकाळचं कोवळं ऊन तेवढं तिरपं येऊन जातं. आणि वैशाखात तर पिंडीवर गळती लावतात. म्हणजे बुडाला बारीक भोक असलेलं तांब्याचं भांडं वर टांगायचं आणि त्यातून उन्हाळाभर देवावर थेंब थेंब पाणी पडत ठेवायचं. तेच पाणी पन्हळीतून बाहेर, रात्रंदिवस, थेंब थेंब. बेगोनियाला कुणी मुद्दाम घर बांधून दिलं असतं तरी याहून बरं झालं नसतं.

तिने तिथली माती उकरली, वाळू आणि जुनं शेणखत मिसळलं, आणि पन्हळीच्या दोन्ही अंगांना रोपं लावली.

पहिल्या वर्षी तिने ती स्वतःच मारली. महाशिवरात्रीला अख्खं गाव दूध, दही, मध, साखर घेऊन येतं, दिवसभर अभिषेक. ते सगळं पन्हळीतून खाली. मी म्हटलं, “अगं, वळव ते पाणी.” तर म्हणे, “पंचामृत हाय बाई. देवाला चालतं, झाडाला काय वाईट करन?” मला झाडांतलं फार कळत नाही, पण दुधाचं भांडं न धुता ठेवलं तर काय होतं एवढं कळतं. चार दिवसांत मुंग्यांची रांग लागली, माती आंबली, देठ बुडातून काळे पडून आडवे झाले. जी उरली त्यांच्यासाठी, घरोघर दूध घालणाऱ्या खेमाने सल्ला दिला, “मावशी, डीएपी टाका, कापसाला टाकतो तसं.” तिने टाकलं, तेही मुठीने. पानं भाजल्यासारखी झाली. एकच रोप वाचलं, तेही पन्हळीच्या दगडाआड होतं म्हणून.

दुसरी एखादी गप्प बसली असती. हिने पंधरा दिवस सगळ्यांशी भांडण काढलं, खेमाशी, माझ्याशी, महादेवाशीसुद्धा, आणि त्या एका रोपाचे शेंडे खुडून पुन्हा फांद्या लावल्या.

पुढल्या वर्षीपर्यंत तिचा हात बसला. मी फोनवर वाचून सांगायची, ती त्यातलं अर्धं ऐकायची. खाऊ घालायची पद्धत मात्र आम्ही दोघींनी मिळून ठरवली. सरकीची पेंड मडक्यात भिजत घालायची. आंबली की असा वास सुटतो की दगडोबा नाकाला उपरणं लावून पूजा करायचा. मग ती फडक्याने गाळायची आणि पाणी घालून घालून कोऱ्या चहासारखी पातळ करायची. माती आधी साध्या पाण्याने ओली करायची, मगच हे घालायचं, तेसुद्धा बुडाशी. पानावर शिंतोडा उडता कामा नये. थोडं थोडं, पण नेमाने. जास्त घातलं की झाड पानांनीच माजतं, फूल धरत नाही. फार ऊन तापलं आणि झाडं रुसून बसली की खाऊ घालणं बंद, नुसतं पाणी आणि वर ओल्या बारदानाचा पडदा. अभिषेकाच्या दिवशी पन्हळीखाली पत्र्याचा तुकडा लावून दूध कडेला काढून द्यायची. शेंडे ती बेदरकारपणे खुडायची, म्हणजे फुटवे येतात. फुलाला मात्र हात लावायची नाही. मी एकदा म्हटलं, “सुकलेली फुलं काढावीत, असं लिहिलंय.”

“लिव्हलं आसंल. ऱ्हाऊ द्या. म्हातारपन पाहून राहिले मी त्येचं.”

दुपारी समया घासून झाल्या की ती तिथे, भिंतीला टेकून, पाय पसरून बसायची. काही करायची नाही. गावात म्हातारी बाई काही न करता बसलेली दिसली की लोकांच्या पोटात दुखतं.

आता मुख्य गोष्ट.

देवस्थानची नवी कमिटी झाली. अध्यक्ष कोंडीबा. हा माझा विद्यार्थी, बुद्धीने बरा, पण सनावळ्या कायम चुकवायचा. त्याला देवळाचं रूप पालटायचं होतं. कुणी देणगीत सिमेंटचे गट्टू दिले होते, लाल-पिवळे. ते देवळाभोवती चहूबाजूंनी बसवायचे, पन्हळीच्या तोंडाला नळी जोडायची, पाणी जमिनीखालच्या शोषखड्ड्यात सोडायचं आणि त्यावर स्टीलची जाळी. उत्तरेला चिखल होतो, डास होतात, असं त्याचं म्हणणं. शिवाय दगडोबाने त्याचे कान भरले होते: देवाच्या पाण्यावर वैनी देवाला न चालणारं फूल पोसतेय, आणि पेंडीचा वास गाभाऱ्यापर्यंत येतो.

चैत्रात सभामंडपात बैठक झाली. ही कुणी बोलावलं नसताना जाऊन खांबापाशी बसली. मला बोलावलं होतं, निवृत्त शिक्षिका म्हणून, शोभेला. कोंडीबाने आराखडा वाचून दाखवला आणि शेवटी म्हणाला, “मावशी, तुमची ती फुलं उद्या काडून घ्या. देवाचं पाणी कोनाच्या बागेसाठी न्हाई.”

ही उठली. पदर सारखा केला.

“कोंडीबा, पिंडीवर नारळ ठिवला, तर नारळ कोनाचा?”

“गुरवाचा.”

“तांदूळ?”

“गुरवाचेच.”

“केळं?”

मागून कुणीतरी म्हणालं, “केळंबी गुरवाचंच, मावशी. आमी न्हाई खात.”

“काहून न्हाई खात?”

“शिवनिर्माल्य हाय. दुसऱ्यानं घेऊ न्हाई.”

“आन् पिंडीवरून उतरलेलं पानी? ते काय आभाळातून आलं? तेबी वरूनच उतरलंय. तेबी निर्माल्य, तेबी गुरवाचं. माझ्या पान्याला तुमी खड्डा खांदून राहिले. मला विचारलं व्हतं?”

सभामंडपात कुजबुज सुरू झाली. वाचणाऱ्यांत कुणी परगावचे असतील तर सांगते: महादेवावर वाहिलेलं इतर कुणी घ्यायचं नाही, ते गुरवाकडे जातं, ही आमच्याकडची वहिवाट आहे. ती कुणी लिहून ठेवलेली नाही आणि कुणी मोडलेलीही नाही. पण तिचा हिशेब पाण्यापर्यंत कुणी नेला नव्हता.

कोंडीबा काही कच्चा नव्हता. म्हणाला, “गुरव म्हंजी दगडोबाभाऊ. पूजेचा मान त्यांचा. तुमचा न्हाई. ते म्हनतील तसं.”

सगळ्यांच्या माना दगडोबाकडे वळल्या. मला त्या माणसाची दया आली, एरवी येत नाही. फुलं जावीत असं त्याला मनापासून वाटत होतं. पण उतरलेलं पाणी गुरवाचं नाही म्हणावं, तर उतरलेला नारळ तरी गुरवाचा कसा? आज पाणी कमिटीचं झालं तर उद्या केळी, परवा शिवरात्रीचं धान्य. त्याने मान खाजवली, टोपी काढली, पुन्हा घातली.

“वैनी म्हनतेत ते… हाय तसं.”

“कसं हाय, भावजी? मोठ्यानं म्हना. मागं ऐकू न्हाई गेलं.”

“बराबर हाय!” दगडोबा ओरडला. “पानी गुरवाचं हाय. झालं?”

लोक हसले. कोंडीबाचा चेहरा पडला आणि तो जे बोलायला नको ते बोलला: “उद्या ह्या बाई गाभाऱ्यात मिरच्या लावतील!”

“लावीन. तुझ्या जिभेपरीस गोड निघतील.”

तो माझ्याकडे वळला. “बाई, तुमी शिकलेल्या, तुमी सांगा ना काही.” मी म्हटलं, “गट्टू पूर्वेच्या दाराशी टाका. तिथे पावसात माणसं घसरतात. उत्तरेला चालतंय कोण?”  गट्टू तीन बाजूंना बसले. उत्तरेची मातीची पट्टी राहिली.

तुम्हाला वाटेल, संपलं. कोंडीबालाही हरता येत नाही. वैशाख लागला आणि कमिटीने ठरवलं की यंदा पाण्याची टंचाई आहे, गळती लागणार नाही. टंचाई खोटी नव्हती. बोअर दोन घागरींत धापा टाकायचा. पण ज्या वर्षी टंचाई याहून वाईट होती त्या वर्षीही देवावरचा थेंब थांबला नव्हता. मोटारीच्या खोलीची किल्ली कोंडीबाच्या खिशात. सकाळच्या पूजेला एक तांब्या पाणी, बस्स.

पन्हळ कोरडी पडली. दोन दिवसांत बेगोनियाच्या पानांनी माना टाकल्या. आणि गावातल्या बायका, ज्या चैत्रात तिच्या बाजूने हसल्या होत्या, त्या आता म्हणू लागल्या, “हिच्या फुलापायी देव उन्हात तापून राहिला.” सुनिता म्हणून शेजारीण आहे, ती तर तोंडावर म्हणाली, “मावशी, उपटून टाका ना. पायजे कशाला ही तकलीफ?”

मी सुचवलं, “माझ्याकडे नळ येतो. त्याच्या दोन बादल्या सरळ झाडांना घाल. देवाचा संबंधच नको.”

ती माझ्याकडे अशी पाहायला लागली की जणू मीच कमिटीत आहे. “बाई, मी भर सभेत काय म्हनले? वरून उतरलेलं माझं. मंग वरून उतरलं पायजे. न्हाईतर मी खोटी.”

दुसऱ्या दिवशी पहाटे ती गावाच्या टोकाच्या हापशावर गेली. गुडघे वाईट, मधे दोनदा बसली. घागर भरून आणली आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर ठेवली. बाई माणसाने गाभाऱ्यात जायचं नाही असा आमच्याकडे नेम आहे. कुणी केला, मला विचारू नका. ती उंबऱ्याबाहेर बसली.

दगडोबा आला. “ह्ये काय, वैनी?”

“गळती टांगा. पानी आनलंय.”

“कमिटीनं नको म्हनलंय.”

“कमिटीनं मोटार बंद केली. देवाची तहान बंद केली का?”

“तहान देवाला का तुमच्या फुलांना?”

“दोघांलाबी. पैला देव. उतरलं का मंग माझं.”

तो बघत राहिला. ती उठेना. दर्शनाला माणसं यायला लागली, उंबऱ्यावर घागर, बाजूला म्हातारी. आत जायचं तर तिच्यावरून. शेवटी दगडोबाने माळ्यावरून गळतीचं भांडं काढलं, चिंचेने घासलं, टांगलं आणि भरलं. पहिला थेंब पिंडीवर पडला तेव्हा तो हात जोडून उभा होता. त्यालाही देव कोरडा बघवत नव्हता, फक्त सांगायची सोय नव्हती.

असं रोज. काही दिवसांनी घागर दगडोबाच आणायला लागला, वर बोलणी: “लोक महादेवाचे नंदी असतात, मी फुलांचा झालो.” मीही अधूनमधून माझ्या नळाची कळशी नेली. एकदा राधाकृष्णही आले, कळशी अर्धी सांडली, म्हणाले झाडांना तेवढीच पुरे. पाणी फार नव्हतंच. पण बेगोनियाला फार नकोच असतं, सतत हवं असतं. ऐन वैशाखात, जेव्हा गावात हिरवं असं काही उरलं नव्हतं आणि सोयाबीनची शेतं उघडी पडून भाजत होती, तेव्हा पन्हळीच्या दोन्ही बाजूंना लाल-गुलाबी फुलं होती. दर्शनाला आलेली माणसं पन्हळीपाशी मागे फिरताना थांबायची, फोनवर फोटो काढायची. कुणी फूल तोडायला हात पुढे केला की भिंतीजवळून हाक यायची, ती वेशीपर्यंत ऐकू जायची.

कोंडीबा दर सोमवारी येऊन दर्शन घ्यायचा, प्रदक्षिणेला निघायचा आणि उत्तरेची बाजू येताच मान वळवून मागे फिरायचा. ती मुद्दाम म्हणायची, “पाह्य रे, फुकट हाय.” तो बघायचा नाही. मोटार सुरू झाली ती मिरगाच्या तोंडाला, तीसुद्धा न बोलता.

इथे तुला पुन्हा पुढे यावं लागेल, शिवकन्या, कारण उरलंय ते आपल्या दोघींमधलं आहे.

कोंडीबाची बायको बेबीबाई तुझ्याकडे आली होती, आठवतं? नवरा बाजाराला गेलेला पाहून, डोक्यावरून पदर घेऊन, दर्शनाचं निमित्त करून. म्हणाली, “मावशी, मला एक रोप देता का? आमच्या न्हाणीमागं सावली हाय. पर तेंला सांगू नका.” तू तिला तिथल्या तिथे हाकललंस: “सांगू नका म्हनशील तर न्हाई देत. उजळ माथ्यानं लावनार असशील तर देते.” ती बिचारी डोळे पुसत गेली. आणि दुसऱ्याच दिवशी तू चांगली जोमदार फांदी निवडून लावलीस, मुळं धरल्यावर मातीच्या कुंडीत घातलीस आणि कुंडी उचलून माझ्या ओसरीत आणून ठेवलीस.

“बाई, ही तिला देऊन या.”

“मी का? तुझं रोप, तुझं भांडण. तू जा.”

“मी त्या घरी न्हाई जानार. त्यानं मला मिरच्या म्हनलं.”

“आणि तू त्याला काय म्हणालीस?”

“मी खरं म्हनले.”

“मग खरं बोलणाऱ्या बाईने खऱ्यासारखं समोरच्या दाराने जावं. मी तुझी हमाल नाही.”

अर्धा तास वाद झाला. शेवटी ठरलं, दोघींनी जायचं. कोंडीबा घरात असताना, दिवसाउजेडी, कुंडी हातात घेऊन. तो चिडला तर चिडू दे. मग तुझ्या गुडघ्याला सूज आली. मग पाऊस. मग माझे यजमान पडले आणि मी महिनाभर नांदेडला. मग तुझ्या डोळ्यावर पडदा आला आणि पुनम येऊन तुला घेऊन गेली, आणि जाताना जीपमधून तू ओरडलीस, “माझ्याबिगर जाऊ नका, बाई!” जणू मी जाणारच होते.

पन्हळीखालच्या रोपांना दगडोबा पेंड घालतो. घट्ट घालतो, सांगितलं तरी ऐकत नाही. पानं माजलीत. तू येऊन शेंडे खूड.

बेबीबाई परवा रस्त्यात भेटली. काही विचारलं नाही. माझ्या ओसरीकडे बघून गेली. रोप आता कुंडीच्या तोंडाबाहेर आलंय, फुललंय, दोनदा मोठ्या कुंडीत घालायचा विचार केला आणि नाही घातलं, कारण दुसऱ्याचं आहे. मला एकटीला जाऊन देता येईल. पाच मिनिटांचं अंतर आहे, बेबीबाईच्या घराचं दार माझ्या ओसरीतून दिसतं. मी जाणार नाही. दोघींनी जायचं ठरलंय.

— सुनीती